पन्हळीमागचं पाणी

“मग पाणी येतं कुठून?”

रेवणगीर महाराजांनी हे विचारलं आणि उशामागच्या भिंतीवर तळहात टेकला. हात काढला तेव्हा तो ओला होता. तसाच तो त्यांनी जयवंत शिंत्रेसमोर धरला.

जयवंतच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“एखादं कौल फुटलं असेल, महाराज. बघतो.”

“मागच्या पावसातही कौलच फुटलं होतं.”

“ते वेगळं होतं.”

“त्याच्या मागच्या पावसात?”

“…तेही वेगळं.”

महाराजांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत जयवंत मान खाली घालून उभा राहिला.

“बघ बाबा,” महाराज म्हणाले, आणि त्यांनी हात छाटीला पुसला.

जयवंत खोलीबाहेर पडला तो दातओठ खात. राग कुणावर काढावा हे त्याला कळेना, म्हणून त्याने तो ओसरीतल्या शिडीवर काढला. ती उचलून अशी आदळली की मठातल्याच पांडबाच्या हातातली वाती वळायची ताटली खाली पडली.

घाटमाथ्यावरच्या आंबेरखिंडीतला हा मठ म्हणजे काही मोठं संस्थान नव्हे. चार खोल्या, एक लांबट ओसरी, शेणाने सारवलेलं अंगण आणि वर मंगळुरी कौलांचं जुनं छप्पर. महाराज तरुणपणी खिंडीत आले तेव्हाही हेच छप्पर होतं. आता वासे जरा वाकले होते इतकंच. पाऊस मात्र तिथे मोठ्या संस्थानाला शोभेल असा पडतो. एकदा लागला की अंगणातल्या तुळशीचं तोंड दिसत नाही.

जयवंत आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या कामांवर अभियंता होता. पाट खणून घ्यावा, त्याचा उतार साधावा, पाणी हवं तिथे नेऊन सोडावं, यात आपला हात धरणारा कोणी नाही असं तो स्वतःच सांगायचा. ते खोटं नव्हतं, पण इतक्या वेळा सांगायची गरजही नव्हती. निवृत्त झाला, पोरांचे संसार मार्गी लागले, आणि मग तो गुरुमंत्र घ्यायला मठात आला. आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला एका चातुर्मासात मंत्र मिळायला हरकत नाही, असा त्याचा अंदाज होता.

महाराजांनी त्याला नीट न्याहाळलं. मग उशामागची भिंत दाखवली. भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओलीचा काळा पट्टा होता.

“ही सुकली की ये,” ते म्हणाले.

बस. उपदेश नाही, आशीर्वाद नाही, काही नाही.

त्यानंतर कितीतरी जण आले आणि मंत्र घेऊन गेले. एसटीत कंडक्टर असलेल्या पांडबाला तर आल्याच्या आठवड्यातच मिळाला, आणि तोही भाकरी खाता खाता. हे कळलं त्या दिवशी जयवंत जेवला नाही. पांडबाने ताट झाकून ठेवलं, त्याचा त्याला आणखीच राग आला.

आणि आता महाराज थकले होते. खोकला छातीत उतरला होता. वैद्य येऊन सांगून गेले की या ओलीपासून त्यांना हलवा, नाहीतर पुढचा पावसाळा काही खरा नाही. महाराज जागचे हलायला तयार नव्हते. उद्या यांनी डोळे मिटले तर आपला मंत्र यांच्याबरोबरच जाणार, या धास्तीने जयवंतला घास गोड लागत नव्हता. महाराजांची काळजी त्याला नव्हती असं नाही. पण मंत्राची काळजी तिच्या आधी पोचायची, आणि त्याची त्याला लाजही वाटायची.

तर पाणी येत होतं कुठून?

मठाच्या छपराला पुढच्या बाजूने एक पत्र्याची पन्हळ होती. महाराज खिंडीत आले त्या वर्षी तेलाचे डबे फाडून, पत्रा ठोकून त्यांनी ती स्वतःच्या हाताने केली आणि स्वतःच बसवली. कौलांवरचं पाणी पन्हळीतून वाहत जाऊन अंगणातल्या दगडी डोणीत पडावं आणि वाटसरूंच्या प्यायला व्हावं, असा बेत होता. बेत चांगला होता. पण बसवताना उतार चुकला. पन्हळ डोणीकडे उतरायची ती उलट दिशेला उतरली. पाणी बंद टोकाशी तुंबायचं, पन्हळीच्या मागच्या काठावरून उतू जायचं आणि थेट भिंतीच्या डोक्यावर पडायचं. ते टोक नेमकं महाराजांच्या खोलीवर होतं.

जयवंतला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. अंगणात उभ्या उभ्या. पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी.

मग तो बोलला का नाही?

कारण त्या पन्हळीची पूजा होत असे.

कुणी सुरू केली ते ठाऊक नाही. महाराजांच्या हातची वस्तू म्हणून कुणीतरी एकदा तिला कुंकू लावलं असेल. पुढे गुरुपौर्णिमेला तिला हार घालायची पद्धत पडली. शिडी लावून शिष्यांनी क्रमाने चढायचं, पन्हळीला कपाळ टेकायचं, हार बांधायचा आणि डोणीतलं पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. आता डोणीत पन्हळीचं पाणी थेंबभरसुद्धा येत नसे. म्हणून आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या द्रौपदाअक्का आणि पांडबा मिळून ती विहिरीच्या पाण्याने भरून ठेवायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. तीर्थ सगळेच भक्तिभावाने घेत.

अशा पन्हळीला चुकीची कोण म्हणणार? आणि ज्याचा मंत्र अजून व्हायचाय त्याने तर मुळीच म्हणू नये, एवढं व्यवहारज्ञान जयवंतकडे होतं.

म्हणून त्याने पन्हळ सोडून बाकी सगळं दुरुस्त केलं.

आधी कौलं बदलली. मग कौलांखालच्या रिपा बदलल्या. भिंतीला आतून सिमेंट थापलं, बाहेरून डांबर फासलं. कोल्हापूरहून कसलासा लेप आणून लावला, त्याच्या वासाने मठातले सगळे रात्रभर शिंकत होते. शेवटी पन्हळ आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्याने पत्र्याची पट्टी सरकवली. पाणी पट्टीला वळसा घालून आत आलं. त्याने दुसरी पट्टी ठोकली. पाण्याने दुसरा वळसा घातला. तिसऱ्या पट्टीनंतर भिंत आधी जिथे कोरडी होती तिथेही ओली झाली.

“भाऊ,” द्रौपदाअक्का खालून म्हणाल्या, “त्या भितीला आनी किती लुगडी नेसवणार हायसा?”

आयुष्यभर ज्याने कोसकोस पाणी वळवलं, त्याला हातभर पन्हळीमागचं पाणी दाद देत नव्हतं, आणि का देत नव्हतं हे त्यालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. यापेक्षा मोठा वैताग काय असतो?

यंदाच्या गुरुपौर्णिमेला तर त्याने कमाल केली. सगळ्यांचे हार तगरीचे, जास्वंदीचे. याने कोल्हापूरहून खास करवून आणला, हाताएवढा जाड, मधोमध जरीचा लाल गोंडा. शिडीवर चढून पन्हळीला बांधला आणि कपाळ टेकून बराच वेळ तसाच राहिला. आपण किती वेळ टेकलं हे महाराजांनी पाहावं अशी त्याची इच्छा होती. महाराज खाली डोणीपाशी बसले होते. त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे.

मग तीर्थ झालं. महाराजांनी ओंजळीत घेऊन चाखलं, क्षणभर तोंडात घोळवलं.

“यंदा विहिरीला पाणी चांगलं आहे,” ते म्हणाले.

पांडबाला ठसका लागला. बाकीचे हरखून गेले. विहीर म्हणजे अंतःकरण, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने हे वाक्य ओसरीच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवलं, आणि रंगवून घेतलंसुद्धा. जयवंतने त्या दिवशी महाराजांच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं.

पुढे श्रावण लागला आणि पावसाने मुक्कामच ठोकला.

त्या सोमवारी प्रसादाला बरीच माणसं आली होती. ओसरीत पंगत बसली होती. जयवंत खिरीचं पातेलं घेऊन वाढत होता. एवढ्यात महाराजांच्या खोलीत काहीतरी धपकन पडलं.

सगळे धावले. भिंतीचा भलामोठा पोपडा, वरच्या सिमेंटसकट, महाराजांच्या अंथरुणावर येऊन पडला होता. अगदी उशीवर. महाराज नेमके उठून खिडकीशी बसले होते म्हणून वाचले.

पांडबाने पोपडा उचलला.

महाराजांनी उशीवरची माती झटकली. जयवंतकडे पाहिलं.

“जयवंता,” ते शांतपणे म्हणाले, “कौल फुटलं वाटतं.”

जयवंतच्या मस्तकात तिडीक गेली. तो बाहेर आला. पातेलं ओसरीत ठेवलं, शिडी उचलली आणि भर पावसात छपराला लावली. कुणीतरी म्हणालं, पाऊस उघडू द्या. त्याने ऐकलं नाही. सरसर वर चढला, चष्मा पाण्याने भरला, त्याने तो काढून खिशात कोंबला आणि पन्हळीच्या मागे हात घातला.

पाणी मनगटावरून बाहीत, बाहीतून बगलेत आणि तिथून कमरेपर्यंत गेलं. त्याने हात आणखी आत घातला. बंद टोकाशी काहीतरी बुळबुळीत, जड लागलं. त्याने ते ओढलं. येईना. दोन्ही हातांनी ओढलं.

बाहेर आला तो कुजलेल्या हारांचा गठ्ठा. तगर, जास्वंद, सुतळ्या, सगळ्याचा काळा लगदा झाला होता. वर लाल जरीचा गोंडा तेवढा शाबूत होता.

जयवंत त्या गोंड्याकडे बघत राहिला.

गोंडा त्याचाच होता. मोठ्या भक्तीने बांधलेला. तोच पन्हळीत पडून तिथे बोळ्यासारखा बसला होता, आणि यंदा भिंत एवढी का भिजली ते आता वेगळं सांगायला नको होतं. महाराजांच्या उशीवर पडलेल्या पोपड्यात याचा वाटा होता. हे त्याच्या ध्यानात आलं, आणि इतके दिवस घशात धरून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

“ही पन्हळच चुकलीय,” तो ओरडला. “कौलं नाहीत, भिंत नाही, काही नाही. पन्हळ चुकलीय. बसवली तेव्हापासून चुकलीय.”

गठ्ठा त्याने अंगणात भिरकावला. तो पचकन तुळशीपाशी पडला.

पंगत सोडून उठलेली माणसं ओसरीच्या कडेला गोळा झाली. पांडबा “शिव शिव” म्हणाला आणि त्याने कानाला हात लावला.

महाराज काठी टेकत ओसरीच्या कडेला आले.

“काय म्हणालास? कौलांवर पाऊस वाजतोय. मला ऐकू आलं नाही.”

जयवंतच्या अंगातला राग तोवर ओसरला होता. रागात बोलून गेलेलं पुन्हा शांतपणे बोलायचं म्हणजे काय, हे त्याला त्या शिडीवर कळलं. खाली सगळी पंगत वर बघत होती. ‘काही नाही, महाराज’ म्हणून उतरता आलं असतं. पुन्हा एक पट्टी ठोकता आली असती. मंत्राची आशा अजून संपली नव्हती. पुढचा शब्द बोलला की ती संपणार होती.

त्याने एकदा त्या पोपडा पडलेल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“पन्हळ चुकली आहे, महाराज.”

“कुणी बसवली?”

“…तुम्ही.”

“काय चुकलं?”

“उतार उलटा आहे. पाणी डोणीकडे जातच नाही. इथे तुंबतं आणि मागून भिंतीत शिरतं.”

“हं.”

महाराज ओसरीवरून उतरले आणि पावसात आले. पांडबा छत्री घेऊन धावला, त्याला त्यांनी हाताने मागे सारलं.

“तुला कधी कळलं?”

‘आत्ताच’ हा शब्द जयवंतच्या ओठावर तयार होता. कुणालाही तो खरा वाटला असता.

“…आलो त्या दिवशी,” तो म्हणाला.

द्रौपदाअक्कांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

महाराज शिडीपाशी आले. काठी भिंतीला टेकून ठेवली. मग दोन्ही हातांनी त्यांनी शिडी घट्ट धरली.

“काढ,” ते म्हणाले.

जयवंतने खाली पाहिलं.

“महाराज, तुम्ही बाजूला व्हा. माझे पाय तुमच्या डोक्यावर येतायत.”

“शिडी निसरडी आहे. काढ.”

“पाप लागेल मला.”

“पडलास तर तंगडी मोडेल. काढ.”

त्याने काढली. एकेक आकडा उचकटताना त्याच्या तळव्यांवरून चिखलाचं पाणी ओघळत होतं आणि महाराजांच्या टकलावर, दाढीत, खांद्यावर पडत होतं. महाराजांनी मान जराही बाजूला केली नाही. शेवटचा आकडा सुटला आणि पन्हळ कुंकवाच्या पुटांसकट, पट्ट्यांसकट खणखणत अंगणात आली. कौलांवरचं पाणी सरळ धारेने वळचणीखाली पडू लागलं. भिंतीचं डोकं प्रथमच पावसात असून पावसाबाहेर राहिलं.

द्रौपदाअक्का पुढे झाल्या. त्यांनी पन्हळ पायाने उलथून पाहिली.

“गोठ्यात पानी पाजायला बरी हाय,” त्या म्हणाल्या, आणि एका टोकाला धरून तिला ओढत घेऊन गेल्या.

संध्याकाळी पाऊस मंदावला. महाराजांचं अंथरूण त्याच जागी पुन्हा घातलं होतं. ते पंचाने दाढी पुसत बसले होते. खोकत होते, पण नेहमीइतकेच.

जयवंत उंबऱ्याशी आला आणि तिथेच थांबला. आत यायचा धीर त्याला झाला नाही. आपलं बोचकं बांधावं की राहावं, हे विचारायला तो आला होता. मंत्राचं नाव काढायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

महाराजांनीच विषय काढला.

“भिंत सुकली की ये,” ते म्हणाले.

तेच शब्द होते. इतकी वर्षं ते कानावर पडले की जयवंतचा जीव जळायचा. आज त्याने भिंतीकडे पाहिलं. नव्या पाण्याचा ओघळ कुठेच नव्हता. दसऱ्यापर्यंत सुकेल, त्याच्या मनात आलं. डोळे भरून आले म्हणून त्याने मान फिरवली.

तो निघाला. पुन्हा वळला.

“महाराज… एक विचारू?”

“विचार.”

“पन्हळ चुकली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं की.”

जयवंतला वाटलं होतं की आपण सोडून कुणालाच ते बोलायची छाती झाली नसेल. त्याला जरा टोचलं.

“कुणी सांगितलं?”

महाराजांनी हात मागे नेला आणि भिंतीवर टेकला.

“हिने. पहिल्याच पावसात.”

जयवंतने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

“हिला माझ्याकडून मंत्र नको होता.”